तीन आठवड्यांनी उठणारी गाठ

हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या थोडं खाली, कातडीच्या अगदी वरच्या थरात ०.१ मिलिलिटर द्रव टोचायचा. सुई इतकी उथळ धरायची की कातडीतून तिचं टोक जाणवलं पाहिजे. द्रव गेला की मसुराच्या डाळीएवढा फिकट फुगवटा दिसतो. तो दिसला नाही तर सुई खोल गेली, औषध चरबीत उतरलं आणि पुढची सगळी वाट बघणं फुकट. एक-दोन दिवसांत तिथे लाली येऊ शकते, पण ती वेगळी प्रतिक्रिया. तिला दुसऱ्याच डॉक्टरचं नाव आहे. आपल्याला हवी ती प्रतिक्रिया तीन ते चार आठवड्यांनी येते. तोवर घाई करायची नाही, खाजवू द्यायचं नाही. मग पट्टी लावून गाठ मोजायची. ३ मिलिमीटरच्या आत असेल तर धरायची नाही, त्याच्या वर असेल तर एक अधिक चिन्ह, आणखी मोठी असेल तर दोन, आणि गाठ फुटून व्रण झाला तर तीन.

ही मित्सुदा प्रतिक्रिया. कुष्ठरोगावरच्या पाठ्यपुस्तकांत तिच्यासाठी अर्धं पान असतं आणि पहिल्या वाचनात ती उलटी छापली गेली आहे असंच वाटतं. ज्याच्या अंगभर गाठी आहेत, नाकाच्या स्रावात जंतूंचे गठ्ठे सापडतात, त्याचा हात महिन्यानंतरही कोरा. ज्याच्या अंगावर एखाददुसराच बधिर चट्टा आहे, त्याच्या हातावर टणक लालसर गाठ. आणि ज्यांना रोग कधी झालेलाच नाही अशा धडधाकट मोठ्या माणसांपैकीही बहुतेकांच्या हातावर गाठ. म्हणजे रोग आहे की नाही हे या चाचणीवरून कळतच नाही. कळतं ते एवढंच, की हे शरीर या जंतूला ओळखतं का, त्याच्याशी दोन हात करतं का. गाठ ही शरीराच्या झुंजीची खूण.

केन्सुके मित्सुदा यांनी ही गोष्ट १९१९ मध्ये मांडली. टोकियोजवळच्या झेन्सेई रुग्णालयाचे ते तेव्हा संचालक होते. याच रुग्णालयात, याच माणसाने १९१५ मध्ये पुरुष रुग्णांची नसबंदी सुरू केली होती.

या दोन सालांमधली चार वर्षं काही केल्या डोक्यातून जात नाहीत.

तो द्रव बनायचा कसा, हे आधी सांगायला हवं. त्याचा कच्चा माल म्हणजे रुग्णच. कुष्ठाच्या जंतूला प्रयोगशाळेतल्या कुठल्याही बशीत वाढवता येत नाही. तेव्हा येत नव्हतं, आजही येत नाही. म्हणून जंतूंनी गच्च भरलेल्या रुग्णाच्या अंगावरची गाठ कापून घ्यायची. ती उकळून निर्जंतुक करायची. मग खलात घालून वाटायची, आणि हे वाटणं चांगलं कंटाळा येईस्तोवर करायचं, कारण भरड राहिलं तर एका थेंबात हजारो जंतू जातात आणि दुसऱ्यात काहीच नाही. दर ग्रॅम गाठीला साधारण २० मिलिलिटर मिठाचं पाणी, जाळीच्या कापडातून गाळणं, आणि टिकण्यासाठी अर्धा टक्का कार्बॉलिक आम्ल. हे प्रमाण पुढे फुमिओ हायाशी या मित्सुदांच्या शिष्याने बसवून दिलं आणि १९३३ मध्ये कुष्ठरोगाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापलं. त्यानंतर ही चाचणी जगभर पोचली, आपल्याकडेही आली. कृती वाचताना स्वयंपाकघरच डोळ्यांसमोर येतं: उकळा, वाटा, गाळा. फक्त खलात काय आहे ते आठवलं की हात थांबतो.

मित्सुदा वाईट डॉक्टर होते असं म्हणून मोकळं होता आलं असतं तर फार बरं झालं असतं. ते तसे नव्हते. विकृतिशास्त्र शिकत असताना कुष्ठरोग्याच्या शवाला हात लावायला कुणी तयार होईना, तेव्हा हा पोरगा पुढे झाला, असं त्यांच्याबद्दल सांगतात. टोकियोच्या अनाथ-अपंगांच्या आश्रमात काम करताना त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी वेगळी खोली मागून घेतली. तेव्हा हे रुग्ण देवळांच्या पायऱ्यांवर, यात्रेच्या वाटांवर, गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी पडलेले असत. कुमामोतोच्या होन्म्योजी देवळाबाहेर तर त्यांची वस्तीच होती. घरच्यांनी काढलेलं, गावाने टाकलेलं, अन्न मिळेल तिथे बसलेलं माणूस. त्याला अंथरूण द्यावं, जखम धुवावी, मेल्यावर निदान नीट शवविच्छेदन करून काही शिकावं, असं वाटणाऱ्या थोड्या डॉक्टरांत मित्सुदा पहिल्या रांगेत होते. परदेशी मिशनऱ्यांनी आधी काढलेली दोन-चार रुग्णालयं सोडली तर सरकारने काहीच केलेलं नव्हतं.

१९०० च्या पहिल्या सरकारी गणनेत ३०,३५९ रुग्ण मोजले गेले. १९०७ च्या कायद्याने १९०९ मध्ये पाच रुग्णालयं उघडली आणि त्या सगळ्यांत मिळून खाटा हजार-अकराशेच्या आसपास. म्हणजे उचलायचे ते फक्त भटके, बेवारशी. त्या कायद्याला रोगापेक्षा रस्त्याची काळजी जास्त होती असं मला वाटतं. रशियाला हरवून नुकत्याच ‘सुधारलेल्या’ राष्ट्रांच्या पंगतीत बसलेल्या जपानला परदेशी पाहुण्यांसमोर हे दृश्य नको होतं. झेन्सेईचे पहिले संचालक पोलीस खात्यातले होते, ही गोष्टही बरंच काही सांगून जाते. मित्सुदा तिथे वैद्यकीय प्रमुख होते. १९१४ मध्ये संचालक झाले. कुंपण भिंतीचं नव्हतं, काटेरी पानांच्या झुडपांचं होतं. माणसापेक्षा उंच, दाट, हिरवंगार. बाहेरून बघणाऱ्याला बागच वाटावी.

आत उपचार काय होता? तेल. जपानीत त्याच्या बियांना ‘दाइफूशी’ म्हणत, अक्षरशः ‘मोठ्या वाऱ्याचं बी’. मोठा वारा हे कुष्ठाचं जुनं चिनी नाव. बिया सयामकडून चीनमार्गे येत. त्याच कुळातलं झाड आपल्या सह्याद्रीत ओढ्याकाठी उभं असतं, कडू कवठ. सुश्रुताने त्याला तुवरक म्हटलं आणि ते पश्चिम समुद्राच्या बाजूला होतं असंही लिहून ठेवलं. कोकणात ज्या फळाकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्याच्या भावंडाच्या तेलावर जगातल्या निम्म्या कुष्ठालयांनी पन्नास वर्षं काढली. तेल फिकट पिवळं, वास नकोसा, थंडीत गोठणारं. पोटात दिलं की मळमळ आणि उलट्या. चार दिवसांत रुग्ण तोंड फिरवतो. म्हणून टोचायचं. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवून तेल पातळ करायचं, जाड सुई घ्यायची, कुल्ल्याच्या स्नायूत हळूहळू दाबायचं. एका वेळी काही मिलिलिटर, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि हे महिनोन् महिने नाही, वर्षानुवर्षं. तेल जुनं झालेलं असेल तर त्यातली सुटी आम्लं जागा पेटवतात. स्वच्छतेत कसर राहिली तर गळू. एकाच जागी परत परत टोचलं तर तिथे दगडासारखी गाठ बसते, पुढच्या सुईला वाटच मिळत नाही. भारतात त्यात चार टक्के क्रिओसोट मिसळायची पद्धत होती, तेवढ्याने जरा सोसायचं. गुण यायचा का? काहींना यायचा. ज्यांचं शरीर मुळात झुंजत होतं, ज्यांच्या हातावर मित्सुदांची गाठ उठली असती, त्यांचे चट्टे मावळायचे. पण त्यांतले बरेच आपले आपणही मावळले असते. गाठीवाल्या रुग्णांना तात्पुरता आराम, मग पुन्हा तेच. डॉक्टरांनाही हे दिसत होतं. पण हातात दुसरं काही नव्हतं, आणि सुई टोचणाऱ्याला आपण काहीतरी करतो आहोत असं वाटतं, हेही खरंच.

रुग्णालय चालायचं रुग्णांच्याच हातांवर. शेती, लाकूडतोड, स्वयंपाक, खाटेला खिळलेल्यांची शुश्रूषा, मेलेल्यांचं दहन, आणि बँडेज. वापरलेली बँडेजं धुवायची, वाळवायची, गुंडाळायची, पुन्हा वापरायची. आता या रोगात बोटं ‘झडतात’ हा आपला सगळ्यांचा समज. बोटं झडत नाहीत. जंतू नसा मारतो, हाताला कळेनासं होतं. चटका लागला तरी हात मागे येत नाही, कुऱ्हाडीच्या दांड्याने फोड आला तरी पकड ढिली होत नाही. फोड फुटतो, चिघळतो, हाडापर्यंत जातो, आणि असं वर्षानुवर्षं होत बोट आखडत, झिजत जातं. म्हणजे ज्या हाताला कामापासून जपणं हाच निम्मा उपचार, त्या हाताला इथे काम दिलं जात होतं. ‘रुग्णांचं श्रमदान’ या गोड नावाखाली किती बोटं गेली, याची नोंद कुठल्या वहीत सापडणार नाही. आत पैसेही वेगळे होते. रुग्णालयापुरतं चालणारं नाणं, बाहेर ज्याची किंमत शून्य. पळून गेला तरी खिशात काय घेऊन जाणार?

आणि १९१५. आत स्त्रिया होत्या, पुरुष होते, जोड्या जमत होत्या. मित्सुदांनी लग्नाला मनाई केली नाही. त्यांना वाटलं, संसार मिळाला की माणूस पळत नाही. मात्र अट नसबंदीची. नवऱ्याने संध्याकाळी बायकोच्या खोलीत यायचं, आणि त्या एका खोलीत आणखी तीन-चार जोडपी. कायदा यातलं काहीच सांगत नव्हता. नसबंदीला कायद्याचा आधार मिळाला तो १९४८ मध्ये. नसबंदी सुरू झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, संचालकांना रुग्णांना कोंडण्याचा, जेवण तोडण्याचा अधिकार मिळाला. डॉक्टर, तुरुंगाधिकारी आणि सासऱ्यासारखी लग्नाला परवानगी देणारा बाप, हे तिघेही एकाच कोटात. रुग्णांतले काही जण त्यांना खरोखरच वडील मानत. हे वाचायला सगळ्यात अवघड जातं.

आता पुन्हा त्या गाठीकडे. १९१९ पासून मित्सुदांच्या हातात एक पुरावा होता की बहुतेक मोठ्या माणसांचं शरीर या जंतूला जागा देत नाही. त्याच्या कितीतरी आधी नॉर्वेत डॅनियलसेनने रुग्णाच्या गाठीतला अंश स्वतःला टोचून घेतला होता, सहकाऱ्यांनाही टोचला, कुणाला काही झालं नाही. त्याने त्यावरून रोग आनुवंशिक आहे असा चुकीचा निष्कर्ष काढला. आपल्याकडे बाबा आमट्यांनी जंतू टोचून घेतल्याची गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. तिथेही रोग रुजला नाहीच. प्रयोग तोच, अर्थ प्रत्येकाचा वेगळा. मित्सुदांनी काढलेला अर्थ असा की ज्यांची गाठ उठत नाही त्यांचं भवितव्य वाईट, तेच जंतू पसरवणारे. लहान मुलांचे हातही बहुधा कोरे राहतात, आणि लागण लहानपणी घरातच होते, असं अलगीकरणवाल्यांचं म्हणणं होतं. हा युक्तिवाद वेडगळ नाही. पण त्यातून फार तर गाठीवाल्या रुग्णाला तान्ह्या पोरापासून काही काळ दूर ठेवा, एवढंच निघतं. एका बधिर चट्ट्याच्या माणसाला जन्मभर बेटावर ठेवा, हे त्यातून कसं निघालं?

१९२३ मध्ये स्ट्रासबर्गच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मित्सुदा आपली प्रतिक्रिया घेऊन गेले. त्या परिषदेचा सूर असा होता की अलगीकरण माणुसकीने व्हावं, शक्य तिथे घरीच व्हावं. मित्सुदा परत आले आणि जोर लावला तो सगळ्याच रुग्णांना उचलण्यावर. १९३० मध्ये सेतो समुद्रातल्या नागाशिमा बेटावर पहिलं राष्ट्रीय कुष्ठालय उभं राहिलं, संचालक तेच. मुख्य भूमी आणि बेट यांच्यात सर्वात अरुंद जागी तीसेक मीटर पाणी. पूल झाला १९८८ मध्ये. १९३१ च्या नव्या कायद्याने भटका असो की घरात खाऊन-पिऊन सुखी असो, प्रत्येक रुग्ण कोंडता येऊ लागला. पांढऱ्या कपड्यातली माणसं दारात येत, घरभर जंतुनाशक फवारत, आणि त्या दिवसापासून मागे राहिलेल्यांचंही गावातलं पाणी तुटे. बेटावर उतरल्यावर आधी क्रेसॉलच्या पाण्यात अंघोळ, मग नवं नाव. गंमत म्हणावी तर अशी, की १९३० च्या गणनेत रुग्ण उरले होते चौदा हजारांच्या आसपास. तीस वर्षांत आकडा निम्म्याहून खाली आला होता, आणि एवढ्या थोड्या खाटांना त्याचं श्रेय देता येत नाही. बरं अन्न, बरी घरं, कमी गर्दी. रोग आपल्या पायांनी निघून चालला होता आणि मागून पोलीस धावत होते.

त्याच वेळी क्योतो विद्यापीठाच्या त्वचारोग विभागात नोबोरू ओगासावारा नावाचे एक डॉक्टर बसत. आइची प्रांतातल्या एका बौद्ध देवळातलं हे घराणं. आजोबा देवळात कुष्ठरोग्यांना ठेवून जुन्या पद्धतीने औषध देत. रुग्ण घरच्यांसोबत त्याच आवारात वावरत, आणि घरात कुणाला रोग झाला नाही. ओगासावारांनी विज्ञान शिकलं, सूक्ष्मदर्शकात जंतू बघितला, जंतू आहे हे कधी नाकारलं नाही. पण लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलंही खोडून टाकलं नाही. १९३१ मध्ये, म्हणजे कायद्याच्याच वर्षी, त्यांनी कुष्ठाबद्दलच्या तीन अंधश्रद्धांवर लेख लिहिला: तो बरा होत नाही, तो आनुवंशिक आहे, तो भयंकर संसर्गजन्य आहे. त्यांच्या मते खरा प्रश्न शरीराच्या ठेवणीचा, आणि ठेवण बिघडते ती दारिद्र्याने, निकस अन्नाने. त्यांच्याकडे रुग्ण बाहेरून येत, औषध घेत, घरी जात. नाव कळवलं की पोलीस येणार, म्हणून कागदावर ते कुष्ठरोग लिहीतच नसत; नसांच्या नाहीतर त्वचेच्या दुसऱ्या एखाद्या आजाराचं नाव लिहीत. शपथेवर बघितलं तर खोटी नोंद.

माझ्या मते त्या काळात क्योतोत लिहिलेल्या सगळ्यात खऱ्या नोंदी याच असाव्यात.

१९४१ च्या नोव्हेंबरात ओसाकाला कुष्ठरोग संघटनेची परिषद भरली. ओगासावारांना उभं करून विचारलं गेलं, हा रोग संसर्गजन्य आहे हे मानता की नाही, बोला. होय म्हटलं तर अलगीकरण मान्य, नाही म्हटलं तर जंतुशास्त्रच अमान्य. ते संसर्ग नाकारत नव्हतेच, तसं त्यांनी सांगितलं, आणि सभेने ते हार म्हणून घेतलं. ‘शरीराची ठेवण’ हा शब्द तिथे हास्यास्पद ठरला, आणि ती ठेवण हातावर मिलिमीटरमध्ये मोजण्याची चाचणी बसलेल्यांपैकी प्रत्येकाला पाठ होती, संघटनेच्या सर्वात मोठ्या माणसाच्याच नावाने.

पुढचं भराभर सांगतो. अमेरिकेत १९४३ मध्ये प्रोमिन या नव्या औषधाचा गुण दिसला. जपानमध्ये मोरिझो इशिदाते यांनी ते युद्धानंतर लगेच तयार केलं. १९४७ पासून कुष्ठालयांत शिरेतून दिलं जाऊ लागलं, आणि वर्षानुवर्षं चिघळलेल्या जखमा काही महिन्यांत सुकल्या. औषधाला पैसे मिळावेत म्हणून रुग्णांनीच चळवळ केली. ३ नोव्हेंबर १९५१ ला मित्सुदांना संस्कृती सन्मान मिळाला. ८ नोव्हेंबरला त्यांनी संसदेच्या समितीसमोर साक्ष दिली: न ऐकणाऱ्यांना बेड्या घालूनही आणता येईल असा कडक कायदा हवा. पाच दिवसांचं अंतर. १९५३ चा कायदा तसाच झाला आणि १९९६ पर्यंत टिकला. २००१ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला.

१९५१ च्या त्या दिवशी संसदेत साक्ष देणाऱ्या तीन संचालकांत कुमामोतोच्या कुष्ठालयाचे मात्सुकी मियाझाकी होते. निवृत्तीनंतर ते भारतात आले. आग्र्याला जपानी मदतीने उभ्या राहिलेल्या ‘जाल्मा’ केंद्राचं काम त्यांनी अंगावर घेतलं. इथे त्यांच्याकडे रुग्ण बाहेरून येत, गोळ्या घेत, घरी जात. क्योतोत ओगासावारा जे करत होते तेच. १९७२ च्या जूनमध्ये दिल्लीजवळ कोसळलेल्या जपानी विमानात मियाझाकी होते. आग्र्यात त्यांच्याबद्दल आदराने बोललं जातं, आणि तो आदर खोटा नाही. कुमामोतोत त्यांच्या कुंपणाआड म्हातारे झालेल्यांचंही काही खोटं नाही. या दोन्ही गोष्टी एका माणसात कशा बसवायच्या, मला जमलेलं नाही. कुष्ठकार्यासाठीच्या डेमियन-डटन पुरस्काराच्या यादीतही असंच अडखळायला होतं: १९६१ ला केन्सुके मित्सुदा, १९८३ ला मुरलीधर देवीदास आमटे. एकाने पाण्याने वेढलेलं बेट निवडलं, दुसऱ्याने वरोऱ्याच्या माळावर विहीर खणली. यादीत दोघांची नावं सारख्याच अक्षरांत.

चाचणी आता क्वचितच होते. औषधांमुळे जंतूंनी भरलेल्या गाठी मिळेनाशा झाल्या, मग १९७० नंतर आर्माडिलो नावाच्या खवलेधारी प्राण्यात जंतू वाढवून द्रव बनवला जाऊ लागला. नाव मात्र तेच राहिलं.

१९५७ मध्ये, एक्क्याऐंशीव्या वर्षी, मित्सुदांनी नागाशिमाचं संचालकपद सोडलं. त्याच वर्षी सत्तरीला टेकलेले ओगासावारा दक्षिणेकडच्या अमामी बेटावरच्या सरकारी कुष्ठालयात साधे डॉक्टर म्हणून रुजू झाले. ज्या कुंपणाविरुद्ध उभा जन्म बोलले त्याच्याच आत, रुग्णांच्या जखमा बघत, ते तिथे नऊ वर्षं राहिले.